घरातला नवा सारथी आणि मोटारीचा विमा



गेले काही दिवस या व्यासपीठावरून आपण संतवाङ्मय ऐकलेत, शेतीचा प्रश्न ऐकलात, काल तर आकाशातल्या कृष्णविवरांत जाऊन आलात. आज चालकांनी आपल्यापुढे एका विम्याच्या माणसाला उभे केले आहे. विम्याचा माणूस दारात आला की लोक मागच्या दाराने निघून जातात असा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे. आपण बसून राहिलात, याबद्दल प्रथम आपले आभार. मी एजंट नव्हतो, हेही आरंभीच सांगून टाकतो. मी सर्वेअर होतो. अपघात झाला की गाडी पाहायला जायचे, कुठला पत्रा वाकला, काय बदलावे लागेल, किती खर्च येईल याचा अहवाल लिहायचा, हे माझे काम. तेव्हा मला कोणालाही काही विकायचे नाही.

हा विषय मला सुचला तो माझ्या शेजारच्या सरांमुळे. सर शाळेतून निवृत्त झालेले, मुलगा उशिरा झालेला. दिवाळीच्या सुमारास ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मुलाला अठरा पुरी झाली, लायसन्सही मिळाले. आता गाडी तोच चालवणार. एखादा स्वस्तातला विमा सांगा ना." मी म्हणालो, "सर, तुमचा विमा स्वस्तच आहे. तो त्या दिवशी उपयोगी पडेल की नाही, हे आपण पाहू." सरांना माझे उत्तर फारसे आवडले नाही. त्यांनी चहा घेतला आणि ते गेले. त्या दिवशी चहाबरोबर जे सांगायचे राहिले, ते आज सांगणार आहे.

विमा म्हणजे काय, हे आपल्याला समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्याकडे गावजेवणाची वर्गणी काढतात, तसाच हा प्रकार. शंभर घरांनी थोडे थोडे द्यायचे आणि ज्या एका घरावर संकट येईल त्याला त्यातून उचलून द्यायचे. प्रश्न एवढाच, की सगळ्यांनी सारखी वर्गणी द्यावी की ज्याच्या घरी संकट येण्याचा संभव अधिक त्याने अधिक द्यावी? या एका प्रश्नाला निरनिराळ्या देशांनी निरनिराळी उत्तरे दिली आहेत.

आपल्यापैकी अनेकांची मुलेबाळे, भाचेपुतणे आज अमेरिकेत आहेत. माझी भाची न्यू जर्सीत असते. तिचा मुलगा गाडी चालवण्याच्या वयाचा झाला, तेव्हा तिचा फोन आला. मला वाटले, आनंदाची बातमी देते आहे. ती म्हणाली, "मामा, विम्याचा हप्ता किती वाढला सांगू?" तिकडे कंपनी गाडीच्या आधी माणसाला विचारते. घरात परवानाधारक कोण कोण, त्यांची वये काय, मागे कोणाचा अपघात झाला होता, सगळे लिहून घेते. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा त्या यादीत आला की हप्ता एकदम उडी घेतो. त्याला कारणही तसेच आहे. अमेरिकेत १६ ते १९ वर्षांच्या चालकांच्या हातून होणाऱ्या प्राणघातक अपघातांचे प्रमाण, मैलामागे मोजले तर, वीस व त्यावरील वयाच्या चालकांच्या जवळजवळ तिप्पट भरते. शेजारी समवयस्क मित्र बसले की ते आणखी वाढते, रात्री आणखी वाढते. हे ऐकून आपल्याला नवल वाटू नये. आपणही त्या वयाचे होतो.

मग तिकडचे आईबाप काय करतात? मुलासाठी वेगळी पॉलिसी घेत नाहीत, कारण ती फार महाग पडते. ते आपल्याच पॉलिसीत त्याचे नाव घालतात. घरातली जुनी, जड, संथ गाडी त्याच्या वाट्याला देतात. शाळेत चांगले गुण असतील तर अनेक कंपन्या सूट देतात, म्हणून प्रगतिपुस्तक पाठवतात. (आपल्याकडे प्रगतिपुस्तकाचा असा रोख उपयोग आजवर कोणाला सुचलेला नाही!) चालकशिक्षणाचा वर्ग केल्याची सूट मिळते. गाडीत यंत्र बसवून किंवा खिशातल्या फोनवरून मुलगा ब्रेक कसा दाबतो, वेग किती ठेवतो हे कंपनीला पाहू देण्याची सूट मिळते. मुलगा शंभर मैलांवरच्या कॉलेजात गाडी न घेता गेला, तर त्याचीही मिळते. शिवाय कायदा मुलाला एकदम मोकळा सोडत नाही. न्यू जर्सीत नवशिक्या मुलाला रात्री अकरा वाजल्यापासून पहाटे पाचपर्यंत गाडी नेता येत नाही, आईबाप बरोबर नसले तर सामान्यतः एकच सोबती बसवता येतो, आणि २०१० पासून गाडीच्या नंबरपट्टीवर लहानशी तांबडी खूण लावावी लागते.

तिथेही सगळीकडे एकच न्याय आहे असे नाही. हवाई राज्यात वयावरून हप्ता ठरवायला मनाई आहे. युरोपात मुलग्यांचा हप्ता मुलींपेक्षा जास्त असे. युरोपीय न्यायालयाने २०११ साली तो भेद अमान्य केला आणि २१ डिसेंबर २०१२ नंतरच्या नव्या पॉलिसींत तो काढून टाकावा लागला. त्यात काही मुलींचा हप्ता उगीच वाढला, ही गोष्ट वेगळी. पण एकंदरीने पाहता तिकडे विम्याचा हप्ता हाच घरातला वडीलधारा असतो. तो दर महिन्याला कान धरून सांगतो, की बाबांनो, तुमच्या घरात एक धोका आला आहे.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा, ज्याला आपण 'थर्ड पार्टी' म्हणतो, तो १९३९ च्या मोटार कायद्याने सांगितला आणि १ जुलै १९४६ पासून सक्तीचा झाला. पुढे १९८८ चा कायदा आला, त्यातही १४६ व्या कलमाने ती सक्ती कायम ठेवली. विमा नसलेली गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्या खेपेला दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. या सक्तीच्या विम्याचा दर कंपनी ठरवत नाही, तो सरकारी नियमाने ठरतो. तो कशावर ठरतो? इंजिनाच्या आकारावर. १ जून २०२२ पासून जे दर लागू झाले, त्यांत हजार सी.सी.पर्यंतच्या खाजगी मोटारीला वर्षाला २,०९४ रुपये, हजार ते दीड हजार सी.सी.ला ३,४१६ रुपये आणि त्यावर ७,८९७ रुपये, अधिक कर. मोटारसायकल-स्कूटर ७५ ते १५० सी.सी.ची असेल, तर ७१४ रुपये.

या आकड्यांत आपल्याला वय कुठे दिसले? गाडी साठ वर्षांचे सर चालवोत, नाही तर अठरा वर्षे आणि आठ दिवस पुरे झालेले त्यांचे चिरंजीव चालवोत, हप्ता तोच. आपल्याच गाडीच्या नुकसानीचा जो दुसरा भाग, म्हणजे ज्याला लोक 'फुल विमा' म्हणतात त्यातला 'ओन डॅमेज', त्याचे दर २००७ सालापासून कंपन्यांवर सोडले आहेत. काही कंपन्या मालकाचे वय, व्यवसाय विचारात घेतात. पण 'घरात आणखी कोण चालवते?' हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

म्हणून मी सरांना म्हटले, की तुमचा विमा स्वस्तच आहे. भाचीला जे ओझे वाटते, ते सरांना वाटत नाही, कारण आपल्याकडे सगळ्या गाड्यांनी मिळून सरांच्या मुलाचा धोका वाटून घेतला आहे. ही व्यवस्था मला वाईट वाटत नाही. गरिबाच्या मुलाला चालक म्हणून पोट भरायचे असेल, तर वयाचा दंड त्याला बसत नाही. पण या व्यवस्थेची एक बाजू आपल्या ध्यानात येत नाही. पॉलिसी विकताना कंपनी विचारत नाही, की गाडी कोण चालवणार. अपघात झाल्यावर मात्र तिचा पहिला प्रश्न हाच असतो. मी स्वतः तो प्रश्न तीस वर्षे विचारत आलो. वाकलेल्या बंपरकडे पाहण्याआधी मी लायसन्स मागत असे.

त्या लायसन्सच्या तीन कथा सांगतो. नावेगावे सांगत नाही.

पहिली कथा आपल्या गावातल्या कोणत्याही क्लासबाहेर संध्याकाळी पाहायला मिळते. मुलगी सोळा वर्षांची, अकरावीत. वडिलांनी आरटीओत जाऊन तिला विनागिअरचे लायसन्स काढून दिले आणि नवी स्कूटर दिली. वडिलांना वाटते, सगळे कायदेशीर झाले. पण कायद्याचे चौथे कलम असे सांगते, की सोळाव्या वर्षी जो परवाना मिळतो तो ५० सी.सी.पर्यंतच्या गाडीचा. आपल्या पिढीला आठवत असेल, १९७२ साली आलेली लुना ही त्या जातीची होती. तेव्हा या परवान्याला काही अर्थ होता. आज दुकानात जी पेट्रोलची स्कूटर मिळते ती शंभर-सव्वाशे सी.सी.ची. म्हणजे त्या मुलीजवळ कागद आहे, पण या गाडीचा नाही. तिच्या हातून कोणाला इजा झाली, तर कायद्याच्या दृष्टीने ती विनापरवाना गाडी चालवत होती.

दुसरी कथा शिकाऊ परवान्याची. शिकाऊ परवाना हाही परवानाच, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्वच्छ सांगितले आहे. पण त्याला अटी आहेत. पुढे-मागे 'एल' हे तांबडे अक्षर हवे आणि शेजारी पक्का परवाना असलेला माणूस हवा. मुलगा शिकाऊ परवान्यावर एकटाच गाडी घेऊन दूध आणायला गेला, की कंपनीला अट मोडल्याचा मुद्दा आयता मिळतो. शिकाऊ परवान्यानंतर पक्क्यासाठी निदान तीस दिवस थांबावे लागते. हे तीस दिवस आपल्या घरांना फार जड जातात, असे मी पाहिले आहे.

तिसरी कथा सतरा वर्षांच्या मुलाची. घरात चावी खुंटीवर होती, त्याने घेतली, कोणाला सांगितले नाही. रस्त्यावर एका माणसाचा जीव गेला. घरचे म्हणाले, आम्ही गाडी दिलीच नव्हती. अशाच स्वरूपाचे एक प्रकरण २०११ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आले होते. त्यातही अल्पवयीन नातलगाने विचारल्यावाचून मोटारसायकल नेली, असे मालकाचे म्हणणे होते. कंपनीने मृताच्या वारसांना पैसे द्यावेत आणि ते मालकाकडून वसूल करावेत, हाच निकाल कायम झाला.

'द्यावेत आणि वसूल करावेत', हे शब्द मंडळींनी नीट ऐकावेत. पुष्कळांची अशी समजूत असते, की थर्ड पार्टी विमा आहे, म्हणजे कंपनी पाहून घेईल. कंपनी पाहून घेते, पण पुष्कळदा तिऱ्हाइतापुरते. ज्याचा काही दोष नाही त्याला उपाशी ठेवू नये, म्हणून न्यायालय कंपनीला आधी पैसे द्यायला लावते. मग परवाना नसल्याचे आणि मालकाने अट मोडल्याचे सिद्ध झाले, तर तीच रक्कम मालकाच्या घरादारातून काढून घेण्याची कंपनीला मुभा असते. गाडी विम्याची, आणि भरपाई घराची!

ती रक्कम किती असते? लोकांच्या डोळ्यांपुढे दोन-चार लाख असतात, म्हणून हिशेब मांडून दाखवतो. समजा, तीस वर्षांचा एक मेकॅनिक, स्वतःचे गॅरेज, महिना पंचवीस हजारांची प्राप्ती, घरी बायको आणि दोन मुले. वर्षाचे तीन लाख झाले. पुढे कमाई वाढली असती म्हणून चाळीस टक्के मिळवायचे, ते झाले चार लाख वीस हजार. त्यातला एकतृतीयांश त्याच्या स्वतःच्या खर्चाचा म्हणून वजा. राहिले दोन लाख ऐंशी हजार. या वयाला गुणक सतरा. गुणाकार येतो ४७ लाख ६० हजार. ही रीत माझी नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ आणि २०१७ च्या निकालांनी घालून दिलेली आहे. यावर अंत्यविधीचा वगैरे थोडा खर्च आणि व्याज. निवृत्त शिक्षकाचा फ्लॅट, भविष्यनिर्वाह निधी आणि पत्नीचे दागिने एकत्र केले तरी ही बेरीज जमेलच असे नाही.

आणि १ सप्टेंबर २०१९ पासून कायद्यात १९९अ हे कलम आले आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड; गाडीची नोंदणी बारा महिने रद्द; आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. आपल्याला माहीत नव्हते, किंवा आपण अडवण्याचा पुरता प्रयत्न केला होता, हे पालकाने सिद्ध करायचे. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला झालेल्या अपघातानंतर या कलमाची चर्चा घरोघर झाली. त्या खटल्यावर मी इथे बोलणार नाही, ते न्यायालयाचे काम. पण त्या आठवड्यात माझ्या ओळखीच्या किती घरांतल्या चाव्या खुंटीवरून कपाटात गेल्या, हे मी मोजले असते तर बरे झाले असते. त्यांतल्या बहुतेक पुढे परत खुंटीवर आल्या.

इथवर मी परवाना नसलेल्यांविषयी बोललो. आता परवाना असलेल्यांविषयी बोलतो, आणि हाच माझ्या भाषणाचा गाभा आहे.

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी मी एक गाडी पाहायला गेलो. रात्रीच्या वेळी पुलाच्या कठड्यावर आदळलेली. चालवणारा एकोणीस वर्षांचा मुलगा, मित्राच्या बहिणीच्या हळदीहून परत येत होता. पक्के लायसन्स, पॉलिसी चालू, दारू नाही, काही नाही. बहुधा डुलकी लागली असावी. गाडीत तो एकटाच होता, जागीच गेला. गाडी वडिलांच्या नावावर. मी अहवाल लिहिला, गाडी दुरुस्त होण्यासारखी नव्हती, पॉलिसीत लिहिलेल्या किमतीने दावा मंजूर झाला. कागदांवर सही घ्यायला मी त्यांच्या घरी गेलो. वडिलांनी रक्कम वाचली आणि मला विचारले, "हे गाडीचे झाले. आणि मुलाचे?"

मला खाली पाहावे लागले. कारण मुलाचे काहीच नव्हते. थर्ड पार्टी विमा तिऱ्हाइतासाठी. दुसऱ्याची गाडी मागून घेऊन चालवणारा हा मालकाच्याच जागी उभा राहतो, तो तिऱ्हाईत नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सांगितले आणि २०२० साली पुन्हा सांगितले. बापाची गाडी चालवणारा मुलगाही यात आला. बरे, पॉलिसीबरोबर पंधरा लाखांचा सक्तीचा अपघात विमा असतो, त्याचे काय? २०१८ साली त्याची रक्कम पंधरा लाख झाली, ही गोष्ट खरी. पण त्याचे नावच 'मालक-चालक' विमा आहे. गाडी ज्याच्या नावावर आहे तोच चालवत असेल किंवा त्या गाडीत असेल, तर तो. म्हणजे ज्यांनी दहा वर्षांत रात्रीची गाडी चालवली नव्हती, त्या वडिलांचा विमा होता, आणि जो रोज चालवत होता त्याचा नव्हता. त्यांना हे कोणी सांगितले नव्हते. मीही त्यांना आधी भेटलो नव्हतो.

तिथून परत येताना मला वाटले, की आपण जन्मभर पत्र्याची किंमत करत आलो.

आता, यावर उपाय काय? उपाय फार महाग नाही, हीच खेदाची गोष्ट आहे. खाजगी मोटारीच्या पॉलिसीत नाव घालून आणखी माणसांचा अपघात विमा घेता येतो. त्याची मर्यादा लहान असते, जुन्या दरपत्रकाप्रमाणे दोन लाखांची, पण मागितला तर मिळतो. मागितला नाही तर कोणी आपण होऊन देत नाही. त्याहून चांगले म्हणजे मुलाच्या नावाने स्वतंत्र वैयक्तिक अपघात विमा घ्यावा. १ एप्रिल २०२१ पासून 'सरल सुरक्षा विमा' या नावाची एकसारखी पॉलिसी कंपन्यांनी द्यावी असे विमा नियामकांनी ठरवले. अडीच लाखांपासून एक कोटीपर्यंत. ती गाडीला बांधलेली नसते. मुलगा मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसलेला असो, एसटीत असो वा आपल्या गाडीत असो, ती त्याच्याबरोबर जाते. त्या वयात मुलगा कोणाच्या गाडीवर केव्हा बसेल, याचा भरवसा कोणत्या आईने द्यावा?

गाडीच मुलाच्या नावावर घेतली तर? हा प्रश्न मला हमखास विचारतात. तसे केले तर मालक-चालक म्हणून पंधरा लाखांचे संरक्षण त्याला मिळते, हे खरे. पण मग तिऱ्हाइताच्या दाव्यात मालक तोच, आणि वडिलांचा वर्षानुवर्षे साठलेला 'नो क्लेम बोनस' त्याला मिळत नाही. हा बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. वडिलांनी जुनी गाडी विकून स्वतःच्या नावावर नवी घेतली, तर तो त्यांच्याबरोबर नव्या गाडीवर येतो. मुलाच्या नावावर घेतली, तर मुलाला शून्यापासून आरंभ करावा लागतो. माझे मत विचाराल, तर पहिली काही वर्षे गाडी वडिलांच्या नावावर असावी आणि मुलाचा अपघात विमा वेगळा असावा.

बोनसचा विषय निघालाच आहे, तर काटकसर खरोखर कुठे करावी ते सांगतो. कारण सर आले होते ते काटकसरीसाठी, आणि काटकसर ही काही वाईट गोष्ट नव्हे.

नवा चालक घरात आला की गाडीला ओरखडे येणारच. फाटक लागते, खांब लागतो, समोरच्याची मोटारसायकल लागते. प्रत्येक ओरखड्याचा दावा करण्याचा मोह होतो. 'विमा आहे ना!' असे गॅरेजवालाही म्हणतो. इथे थांबून हिशेब करावा. पहिल्या वर्षी दावा केला नाही तर वीस टक्के सूट, मग पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस, आणि पाचव्या वर्षी पन्नास. एक दावा केला, की शिडीच्या तळाशी. समजा, आपला ओन डॅमेजचा मूळ हप्ता आठ हजार आहे आणि चार वर्षे दावा केलेला नाही. पाचव्या वर्षी मुलाने पाच हजारांचा ओरखडा आणला. दावा केला, तर सक्तीचे एक हजार आपणच भरायचे, म्हणजे हाती चार हजार. आणि गमावले काय? पुढच्या वर्षी पन्नास टक्क्यांऐवजी शून्य, म्हणजे चार हजार; त्यापुढे वीस टक्के, म्हणजे दोन हजार चारशेंचा तोटा; त्यापुढे पंचवीस, म्हणजे दोन हजारांचा. तीन वर्षांत ८,४०० रुपये गेले आणि आले चार हजार. डेंटिंग-पेंटिंगवाल्याला पाच हजार देऊन मोकळे व्हावे. शक्य तर ते मुलाला आपल्या खर्चाच्या पैशांतून थोडे भरायला लावावेत.

आणि जर लहान दावा करायचाच नाही असे ठरवले, तर 'पहिले इतके हजार आम्ही सोसू' असे कंपनीला लिहून द्यावे. त्याला 'व्हॉलंटरी डिडक्टिबल' म्हणतात, आणि हप्त्यात सूट मिळते. जो भार आपण उचलणारच आहोत, त्याची वर्गणी दुसऱ्याला कशाला द्या? उलट गाडी नवी असेल तर 'झीरो डेप्रिसिएशन'ची जोड मला पटते. आजकाल बंपर प्लास्टिकचा असतो, प्लास्टिकवर साध्या पॉलिसीत पन्नास टक्के घसारा कापतात, आणि नवशिक्याची गाडी मोठी धडकली तर पहिला बळी बंपरचाच जातो. गाडी जुनी झाल्यावर ही जोड सोडून द्यावी.

घरात मोटार आणि स्कूटर दोन्ही एकाच्या नावावर असतील, तर मालक-चालक अपघात विमा दोनदा घ्यावा लागत नाही. २०१९ पासून एकदा घेतला की पुरतो. वाचलेल्या त्या पैशांत मुलाच्या विम्याचा काही भाग सहज निघतो. २०२२ पासून किती किलोमीटर चालवली किंवा कशी चालवली, यावर हप्ता ठरवणारी जोडही कंपन्यांना देता येते. मुलगा बाहेरगावी शिकायला असेल आणि गाडी आठवड्यातून एकदाच निघत असेल, तर तिची चौकशी अवश्य करावी. पॉलिसी संपल्यावर नव्वद दिवसांत नूतनीकरण केले नाही तर साठलेला बोनस बुडतो. परीक्षेच्या, लग्नसराईच्या धांदलीत हे फार वेळा होते. आणि त्या मधल्या दिवसांत गाडी विम्यावाचून असते हे तर विसरूच नये.

एक काटकसर मात्र करू नये. हप्ता कमी दिसावा म्हणून काही जण गाडीची किंमतच कमी लिहून देतात. आय. डी. व्ही. असा तिचा रकाना असतो. गाडीच्या वयाप्रमाणे घसारा ठरलेला आहे. चार वर्षांवरच्या, पाच पुरी न झालेल्या गाडीला तो पन्नास टक्के. त्याहून खाली उतरवून पाचशे रुपये वाचतात आणि गाडी गेली तर पन्नास हजार बुडतात. सह्या करण्यापूर्वी हा रकाना चष्मा लावून वाचावा.

भगिनींना एक विनंती. चावी शेवटी आपल्याच हातून दिली जाते, असे मी पुष्कळ घरांत पाहिले. बाप नाही म्हणतो, मुलगा आईकडे जातो. तेव्हा पॉलिसीचा कागद आपणही एकदा पाहावा. तो इंग्रजीत असतो, अक्षर बारीक असते, पण 'चालक' या मथळ्याखाली चारच ओळी असतात. ज्याच्याजवळ चालू परवाना आहे आणि जो अपात्र ठरलेला नाही, अशा कोणीही चालवावी, एवढाच त्यांचा अर्थ. न्यू जर्सीच्या कायद्याने मुलाला जी रात्रीची बंदी घातली आहे ती आपल्या कायद्यात नाही. ती घरात घालता येते आणि तिला खर्च येत नाही. माझ्या भाचीच्या मुलाला ती सरकारने घातली, माझ्या नातवाला मी घातली. तो माझ्यावर वर्षभर रुसला होता.

सर त्यानंतर पुन्हा आले होते. मार्चमध्ये त्यांच्या पॉलिसीचे नूतनीकरण होते. या वेळी कागद बरोबर आणला होता. आम्ही दोघांनी तो टेबलावर पसरला, मालक-चालकाचा रकाना पाहिला, त्यांच्या स्कूटरवरचा दुसरा अपघात विमा कमी केला, आणि मुलाच्या नावाने दहा लाखांचा वेगळा अपघात विमा घेतला. एकूण खर्च गेल्या वर्षीपेक्षा थोडा वाढला. सर म्हणाले, "म्हणजे स्वस्त काही मिळाले नाहीच." मी म्हणालो, "नाही." मुलगा बाहेर गाडी पुसत होता. सरांनी त्याला आत बोलावले आणि कागदावरची ती ओळ त्यालाच मोठ्याने वाचायला लावली.

कोणाला पॉलिसीचा कागद दाखवायचा असेल, तर मी व्यासपीठाच्या डाव्या बाजूला अर्धा तास बसलेला आहे.